व्याधाची अट

तिरकामठ्यानं टिपलेल्या पहिल्या हरणाची गोष्ट आपल्या लोकांनी आकाशात मांडून ठेवली आहे. ती बघायला रत्नागिरीचे सडे फार चांगले. पौष-माघात गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, खालच्या कलमांच्या बागांतून मोहोराचा वास वर येत असतो, आणि चहूबाजूंना उघडा कातळ असल्यामुळे क्षितिजापासून क्षितिजापर्यंत मध्ये काही येत नाही. अंधार पडला की पूर्वेकडे चार तारे एका मोठ्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर दिसतात. ते हरणाचे चार पाय. त्यातला एक तांबूस, तो काक्षी. त्याच्या समोरच्या कोपऱ्यावरचा निळसर पांढरा, तो राजन्य. उत्तरेच्या अंगाला तीन मंद तारे एकमेकांना खेटून आहेत, ते हरणाचं डोकं, म्हणजे मृगशीर्ष. आणि चौकोनाच्या मधोमध, बरोबर पोटात, एका ओळीत तीन ठळक तारे. तो बाण.

उगवताना हे तीन तारे जवळजवळ उभ्या रेघेत वर येतात. ती रेघ नजरेनं खाली लांबवली की एका लखलखत्या ताऱ्यापाशी पोचते. रात्रीच्या आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा हाच, व्याध. तीच रेघ उलट, वरच्या अंगाला लांबवली की लालसर रोहिणी लागते. बाण कुठून सुटला, कुणाला लागला आणि कुणाच्या वाटेवर लागला, हे सगळं त्या एका रेघेत आहे. मुलांना नक्षत्रं शिकवताना मी नेहमी इथूनच सुरुवात करतो. एकदा हा बाण दिसला की पुढचं आकाश मुलं आपणहून शोधतात.

शिकारीची माहिती असलेल्या माणसानंच हे चित्र आखलं असणार, असं मला फार दिवसांपासून वाटतं. बाणाची शिकार बंदुकीच्या शिकारीसारखी नसते. गोळीचा धक्का मोठा असतो, जनावर पुष्कळदा जागेवर कोसळतं. बाणाचं काम रक्त वाहवण्याचं. बाण छातीत बसला तरी हरीण धावतं, आणि पोटात बसला तर खूप दूरवर जातं. अशा वेळी मागोमाग धावत सुटायचं नसतं. पाठलाग झाला की घाबरलेलं जनावर उरलेल्या ताकदीनिशी पळतं आणि मग हाती लागत नाही. शिकाऱ्यानं थांबायचं, वेळ जाऊ द्यायचा, मग रक्ताचे थेंब आणि मोडलेलं गवत बघत माग काढायचा. आता आकाशाकडे बघा. बाण पोटात आहे. हरीण पुढे चाललंय. आणि आपल्या अक्षांशावर तो बाण उगवल्यानंतर साधारण दीड तासानं व्याध उगवतो. तो घाई करत नाही, आणि माग सोडतही नाही. रात्रभर त्याच अंतरानं पश्चिमेला चालत राहतो. हरीण समुद्रात बुडतं, त्यामागून तोही बुडतो.

कामठा हातात घेतल्याशिवाय हे पुरतं कळत नाही. आमच्या जिल्ह्यात खेड, मंडणगड, दापोलीकडे कातकरी वस्त्या आहेत. एके काळी हे लोक खैराचा कात पाडायचे, आणि तिरकामठा घराघरात असायचा. मी हाताळला तो कामठा एका म्हाताऱ्या कातकऱ्याचा. बांबूची जाड काठी, मुठीपाशी वापरून वापरून गुळगुळीत आणि काळपट झालेली. दोरीच्या जागी बांबूचीच तासलेली पट्टी, दोन्ही टोकांना खाचांत अडकवलेली. बाणाच्या शेंड्याला लोखंडाचं पान, सुतानं आवळून बांधलेलं, मागे पिसं. ओढायला घेतला तेव्हा खांद्यापर्यंत कळ गेली आणि हात थरथरायला लागला. तो थरथरता हात एका जागी धरून ठेवायचा, तोही जनावर समोर उभं असताना. म्हातारा म्हणाला, "वीस पावलांच्या आत गेल्याशिवाय हा काही कामाचा नाय." वीस पावलं म्हणजे हरणाचे कान हलताना दिसतात, ओलं नाक दिसतं, पापणी मिटलेली दिसते. इतक्या जवळ जायला वारा कुठून वाहतोय ते कळावं लागतं, कुठल्या वाटेनं जनावर पाण्याला येतं ते ठाऊक असावं लागतं, वाळलेल्या पानांवर पाय कसा टाकायचा ते शिकावं लागतं. पहिल्या यशस्वी बाणाच्या आधी शिकाऱ्याची कित्येक वर्षं हरणाला नुसतं बघण्यातच गेलेली असतात.

आमच्या रानात हे हरीण म्हणजे मुख्यतः भेकर. सांबर वर सह्याद्रीच्या अंगाला, आणि पिसोरी इतकी लहान आणि लाजरी की दिसली तरी खरं वाटत नाही. भेकर मात्र काजूच्या बागेच्या कडेला, पऱ्याच्या काठाला, संध्याकाळी अगदी घरांजवळ येतं. उंची माणसाच्या गुडघ्याच्या थोडी वर. तांबूस अंग, मान खाली घालून चालणं, नराच्या कपाळावर दोन काळसर रेघा वर जाऊन शिंगांच्या केसाळ खुंटांना मिळालेल्या. संशय आला की ते कुत्र्यासारखं भुंकतं, एकेक भुंकणं सुटंसुटं, मध्ये थांबून. नवा माणूस ते ऐकून वाडीत कुत्रं आहे असंच समजतो. जुने लोक म्हणतात, भेकर ओरडलं म्हणजे रानात बिबळ्या फिरतोय. भेकर बिबळ्याला बघून भुंकतं, तसं माणसाला बघूनही भुंकतं. त्याच्या लेखी दोघं सारखेच.

या कातळावर त्याहून जुनी हरणं आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, ही रत्नागिरी जिल्ह्यातली सात ठिकाणं 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. सोबत सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं पणसायमळ. जांभ्या दगडावर कोरलेली ही चित्रं आपण कातळशिल्प म्हणून ओळखतो. त्यांत हत्ती आहेत, वाघ आहेत, कोकणात आज औषधालाही न सापडणारा गेंडा आहे, मासे आहेत, आणि हरणंही आहेत. अभ्यासक त्यांचा काळ मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. शेती यायच्या आधीचे लोक, गारगोटीच्या नखाएवढ्या पात्या काठीला बसवून हत्यार करणारे. मध्य प्रदेशात भीमबेटकाच्या गुहा आपल्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी 1957 साली जगासमोर आणल्या. तिथं धनुष्य ताणलेले शिकारी आणि पळणारी जनावरं रंगात काढलेली आहेत. आमच्या सड्यावर मी जी शिल्पं पाहिली, त्यांत मला धनुष्य दिसलं नाही. जनावर दिसलं, पूर्ण आकाराचं, पाठीची रेघ एका दमात कोरलेली. कशेळीचा हत्ती तर इतका मोठा की त्याच्या अंगात इतर कितीतरी प्राणी मावले आहेत. ज्यांचं पोट शिकारीवर होतं, त्यांनी दगडावर स्वतःचा पराक्रम कोरला नाही. ज्याच्या जिवावर आपण जगतो, त्याचं अंग नीट कोरलं. हा माझा अंदाज आहे, आणि मी तो मनापासून धरून आहे.

आता आकाशातली गोष्ट. ती ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात आहे. प्रजापतीच्या मनात आपल्याच मुलीविषयी वासना आली. ती रोहित हरिणी झाली, तो ऋश्य म्हणजे हरणाचा नर होऊन तिच्या मागे गेला. देवांनी पाहिलं, की हा करू नये ते करतो आहे. पण त्याला दंड करील असा त्यांच्यात कुणी नव्हता. तेव्हा सगळ्यांनी आपापल्यातलं जे घोर होतं ते एकत्र केलं आणि त्यातून एकाला घडवलं. त्याला म्हणाले, याला वेध. तो म्हणाला, आधी मला वर द्या. काय पाहिजे, तर पशूंचं आधिपत्य. ते दिलं. मग त्यानं धनुष्य ओढलं आणि वेध घेतला. बाण लागलेला प्रजापती वर उसळला आणि आकाशात गेला. त्याला मृग म्हणतात. मारणारा तो मृगव्याध. ती रोहिणी. आणि तीन कांड्यांचा बाण म्हणजे तो बाण, आपण पोटात बघतो तो.

गोष्टीतलं ते उसळणं मला कल्पनेतलं वाटत नाही. आमच्या वाडीतल्या एका जुन्या शिकाऱ्यानं सांगितलं होतं, "लागलं की जनावर आधी वर जातं, मग पुढं जातं." त्यानं वेद ऐकले नव्हते. ज्यानं ही कथा रचली त्यानं मात्र बाण लागलेलं हरीण नक्की पाहिलेलं होतं.

पण या कथेतली मला सगळ्यांत मोलाची वाटते ती व्याधाची अट. नेम लागल्यावर मांस मागावं, कातडं मागावं, नाव मागावं. वाडीतल्या शिकारीतही वाटे पडायचे आणि ज्याचा बार लागला त्याला वेगळा वाटा असायचा. त्या व्याधानं, म्हणजे रुद्रानं, यातलं काहीच मागितलं नाही, आणि जे मागितलं ते बाण सोडण्याच्या आधी मागितलं. पशूंचं आधिपत्य. तो पशुपती झाला तो या बाणामुळे. ज्याच्या हातून पहिलं हरीण पडलं, सगळ्या जनावरांचा भार त्याच्याच डोक्यावर आला. आमच्या जिल्ह्यात मार्लेश्वर, वेळणेश्वर, कर्णेश्वर, धूतपापेश्वर, जिथं जावं तिथं याच देवाची देवळं आहेत, आणि कितीतरी ठिकाणी देवळाभोवतीचं रान देवाचं म्हणून राखलेलं आहे. तिथं कुऱ्हाड चालत नाही. मकरसंक्रांतीला मार्लेश्वराचं लग्न लागतं. हजारो लोक सह्याद्रीच्या त्या गुहेकडे चढतात, आणि ज्या दिवसांत ही यात्रा भरते त्याच दिवसांत संध्याकाळी पूर्वेला मृग आणि व्याध वर आलेले असतात. देवळात ज्याला हार घालून आलो, तो डोक्यावर बाण सोडून उभा आहे, हे परतणाऱ्या मुलांना कुणीतरी दाखवायला हवं.

नंतरच्या कथांनीही ही जबाबदारी सोडलेली नाही. पांडूनं हरणाच्या जोडीवर बाण टाकला, ते हरणाच्या रूपातले ऋषी निघाले आणि पांडूचं सगळं आयुष्य त्या बाणानं बदललं. रामाचा बाण मारीचाला अचूक लागला आणि त्याच वेळी सीता गेली. जरा नावाच्या व्याधाला झाडाखाली हरीण दिसलं, तो कृष्णाचा पाय होता. आपल्याकडे नेम लागलेल्या शिकारीच्या आनंदावर गोष्ट सहसा संपत नाही. बाण लागल्यावरच खरी गोष्ट सुरू होते. जगात इतरत्र पहिल्या शिकारीचा सोहळा होतो, आणि ज्या देशांत हरणं वाढून शेतं-जंगलं खाऊन टाकतात, तिथं नियमानं, हंगामात, परवाना घेऊन केलेली शिकार मी वाईट म्हणणार नाही. पण आपल्या भाषेनं आपल्याला जे दिलं ते वेगळं आहे, आणि मला ते जास्त खोल वाटतं.

आकाशातल्या या हरणावर ग्रंथ लिहिणारा माणूस रत्नागिरीचाच. बाळ गंगाधर टिळक 1856 साली इथल्या मधल्या आळीत जन्मले. ते घर आज संरक्षित स्मारक आहे आणि शाळांच्या सहली तिथं येतात. मुलांना पगडी दिसते, 'केसरी' दिसतो. 1893 साली टिळकांनी इंग्रजीत 'ओरायन' लिहिलं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. ओरायन म्हणजे हाच मृग. त्यांनी ऐतरेय ब्राह्मणातली हीच कथा घेतली, ग्रीकांच्या शिकारी ओरायनशी ताडून पाहिली, मार्गशीर्षाला अग्रहायण का म्हणतात ते तपासलं, आणि मांडणी अशी केली की ज्या काळी वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस आणि रात्र सारखी होते तेव्हाची सूर्याची जागा, मृगात होता त्या काळाची ही आठवण आहे. संपात सरकतो, एका अंशाला सुमारे 72 वर्षं लागतात, आज तो उत्तराभाद्रपदात आहे. हिशेब मागे नेला की इसवी सनापूर्वी 4000 ते 2500 हा काळ येतो. जर्मनीत हेर्मान याकोबी स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला पोचले होते. हे कालमापन पुढच्या सगळ्या विद्वानांनी स्वीकारलं असं नाही, आणि वाद अजून चालू आहे. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित त्याच सुमारास 'भारतीय ज्योतिःशास्त्र' लिहीत होते. ते 1896 साली छापून आलं. एकाच जिल्ह्यातले दोन शिक्षकी पेशाचे लोक एकाच दशकात त्या ताऱ्यांच्या मागे लागले होते. सड्यावरच्या काळोख्या आकाशाखाली बालपण गेलेल्या माणसांकडून हे झालं, याचं मला नवल वाटत नाही.

शेतकऱ्याला मात्र या हरणाची आठवण जूनमध्ये होते. 7 किंवा 8 जूनला सूर्य मृगात जातो. मिरग लागला असं म्हणतात, घरोघर कोंबडं शिजतं, पंचांगात बघून यंदा मिरगाचं वाहन काय ते विचारलं जातं, आणि आभाळ भरून आलं की पेरण्या आटपतात. त्या दिवसांत मृग रात्री दिसत नाही, कारण सूर्यच त्याच्यात असतो. वर्षभरात आपण त्याचं नाव ज्या दिवसांत सर्वांत जास्त घेतो, त्याच दिवसांत तो आकाशात सापडत नाही.

जमिनीवरचं धनुष्य मात्र अजून महाराष्ट्रात आहे. अमेरिकेत मिसूरीच्या होलेस विल्बर ॲलननं 1960 च्या दशकात चाकांचं कंपाउंड धनुष्य बनवलं, ते हरणाच्या शिकाऱ्यांनी उचलून धरलं. त्याच जातीच्या धनुष्यानं साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे 5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिनमध्ये जगज्जेते झाले. अदिती तेव्हा 17 वर्षांची होती. समोर 50 मीटरवर कागदाचं लक्ष्य, मधलं दहा गुणांचं वर्तुळ 8 सेंटिमीटरचं. श्वास, खांदा, नेम, एवढं सगळं शिकाऱ्याचंच आहे. पलीकडे जीव नाही, इतकाच फरक, आणि तो फरक मला फार आवडतो.

रानातली शिकार कायद्यानं संपली. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1991 च्या दुरुस्तीनं परवाना काढून करायच्या शिकारीची वाटही बंद झाली. तिरकामठा भिंतीवर गेला, हाकारे थांबले. भेकराचं मरण मात्र थांबलं नाही. त्याची जागा फासकीनं घेतली. क्लचची किंवा ब्रेकची जुनी वायर, तिचा सरकता फास, गडग्याच्या खिंडारात किंवा कुंपणाच्या फटीत टांगलेला. डुकरासाठी लावली म्हणतात. पण फासकीला डुक्कर, भेकर आणि बिबळ्या यांत फरक कळत नाही. मान अडकली तर जनावर गुदमरतं, कंबर अडकली तर रात्रभर ओढत राहतं, वायर मांसात रुतत जाते, आणि सकाळी कुणीतरी येईपर्यंत ते जिवंत असतं. डुकरं भात आणि सुरण लुटतात, शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, त्याला भरपाई वेळेवर मिळायलाच हवी. तरीही फासकी मला तिरकामठ्याहून कितीतरी वाईट वाटते. तिरकामठ्यावाल्याला वीस पावलांपर्यंत जावं लागायचं, ज्याला मारायचं त्याचे डोळे बघावे लागायचे, नेम चुकला तर माग काढत रानभर हिंडावं लागायचं. फासकी लावणारा घरी झोपलेला असतो. आपण काय मारलं ते त्याला माहीत नसतं. व्याध अजून त्या हरणाच्या मागे चालतो आहे. फासकीच्या मागे कुणीही चालत नाही.

दिवाळीनंतर गवतं कापली जातात तेव्हा गडग्यांची खिंडारं उघडी पडतात. बागेत, पाणंदीला, देवळाच्या रानाकडे जाता-येता तिथं एकदा वाकून बघा. वायर दिसली, तर जागा नीट लक्षात ठेवा आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा. आत जनावर असेल तर जवळ गर्दी करू नका, फोटो काढायला कुणाला बोलावू नका, कुत्री बांधून ठेवा आणि वनखात्याची माणसं येईपर्यंत लांब उभे राहा. या क्रमांकावर केलेल्या फोनला पैसे पडत नाहीत.